कापडी घरातला शनिवार

मी भित्री बाई आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. समुद्राला मी भिते, गाईंना भिते, उतारावरून मागे लागलेल्या लॉरीला भिते, आणि गेल्या फेब्रुवारीपासून आमच्या ह्यांच्या श्वासाला भिते. तो जोरात आला तरी भिते आणि ऐकू आला नाही तर जास्तच भिते. अशा बाईने वेल्सच्या टोकाला कापडाच्या घरात राहायला का जावं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. त्यांच्यासाठी हे आपल्या मंडळींच्या पत्रकात लिहीत आहे. आपल्या मंडळींपैकी कुणी तिकडे गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ज्यांना जायचं असेल त्यांनी जरूर जावं, फक्त हे शेवटपर्यंत वाचून मग जावं.

वेम्बली

नऊ वर्षं आमच्याकडे कॅरॅव्हॅन होती. चार जणांची, क्रीम रंगाची, खिडक्यांना मी शिवलेले फुलाफुलांचे पडदे. आमची मुलं, मिल्का आणि डॅनियल, लहानाची मोठी होईपर्यंत दर ऑगस्टात आम्ही ती गाडीमागे जोडून निघत होतो. आत बसलं की बाहेर डेव्हन असो की डरहम, मला घरातच असल्यासारखं वाटे. भिंतीला हात लावला तर भिंत लागे. दाराला आतून कडी होती. भित्र्या माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

फेब्रुवारीत शेजाऱ्यांच्या कुंपणाचं काम निघालं म्हणून हे ती कॅरॅव्हॅन हातभर मागे ढकलायला गेले आणि तिच्याच पायरीवर छाती धरून बसले. तीन आठवडे हॉस्पिटलात काढले. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं की जड ढकलायचं नाही, उचलायचं नाही, चढावर घाई करायची नाही. बरोबर तपकिरी काचेची एक अंगठ्याएवढी बाटली दिली. आमची मिल्का लीड्सला नर्स आहे. तिने फोनवरून मला पाठ म्हणायला लावलं.

"आई, ही बॉटल ऑलवेज बाबाच्या पॉकेटमध्ये पाहिजे. पेन आला तर एक टॅबलेट जिभेच्या खाली ठेवायचा आणि बसून राहायचा. अजिबात चालायचा नाही. ओके? आता तू सांग."

मी सांगितलं. तिने आणखी दोनदा सांगायला लावलं.

मला वाटलं, आपले प्रवास संपले. मनातून थोडी सुटकाही वाटली. पण एप्रिलमध्ये ह्यांनी मला न विचारता कॅरॅव्हॅन विकली. परक्या गाडीमागून ती आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर वळली तेव्हा माझे पडदे खिडकीत तसेच होते. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पंधरा दिवसांनी तिच्या जागी कमरेएवढी उंच, दोन चाकांची एक पेटी येऊन उभी राहिली.

"हे काय आणलंत?"

"ट्रेलर-टेंट. झाकण उघडलं की दोन्ही बाजूंना पलंग, मध्ये उभं राहायला जागा, वर कापड. एका हाताने ढकलता येते, तुलासुद्धा."

"आणि भिंती?"

"कॅनव्हासच्या."

"अहो, कॅनव्हासला कडी कुठे लावायची?"

हे हसले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच हसले, म्हणून मी कडीचा विषय तिथेच सोडला.

हे ड्राफ्ट्समन आहेत. ट्रेलरबरोबर आलेलं छापील माहितीपत्रक ह्यांना पसंत पडलं नाही, म्हणून ह्यांनी स्वतः मोठ्या कागदावर नकाशा काढला. एकतीस नळ्या होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने आकडा घातला. मग मागच्या अंगणात माझा वर्ग सुरू झाला. उचलायची कामं माझी, सांगायची ह्यांची. "चार नंबर सातमध्ये बसव. अगं, सात. ती सतरा आहे." जुलै संपेपर्यंत मी तो सांगाडा डोळे मिटून उभा करू शकत होते आणि उलट्या क्रमाने मोडूही शकत होते.

या पत्रकाच्या वाचकांत आता बाकीची मराठी मंडळीही आहेत, म्हणून आमच्या घरची एक रीत इथेच सांगते. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. ह्यांचे आजोबा अलिबागकडचे. तिकडे आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण शुक्रवारी दिवस मावळला की घाणा थांबे तो शनिवारी चांदण्या दिसल्यावरच फिरे. ह्यांचा घाणा म्हणजे ड्रॉइंग बोर्ड, पण नियम तेच. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, गाठ मारायची नाही की सोडायची नाही, खिशात काही घेऊन उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी हे माझ्यासमोर हात वर करून उभे राहतात आणि मी ह्यांचे खिसे रिकामे करते. किल्ल्या, नाणी, पेन्सिलीचे तुकडे, बसची तिकिटं, सगळं बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात जातं. मग मी दिवा लावते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हॉस्पिटलातले सोडले तर एकही शुक्रवार चुकलेला नाही. घरी हा डबा साइडबोर्डवर असतो, ह्यांच्या खुर्चीपासून चार पावलांवर. कॅरॅव्हॅनमध्ये त्याला दाराशेजारी फळी होती.

गुरुवार, श्रॉपशर

ऑगस्टातल्या एका गुरुवारी सकाळी निघालो. मी मांडीवर नकाशा घेऊन बसले होते, पण माझं लक्ष लाल टेलिफोन बॉक्सवर. एक मागे पडला की पुढचा दिसेपर्यंत माझा जीव टांगणीला. गावांतून बरं असे. दोन गावांच्या मध्ये मैलच्या मैल नुसत्या मेंढ्या दिसत, आणि मेंढ्यांना काही अॅम्ब्युलन्स बोलावता येत नाही.

"कसलं मोजतेस?" ह्यांनी विचारलं.

"चर्चं मोजते," मी म्हटलं.

दुपारी श्रॉपशरमधल्या एका साइटवर मुक्काम केला. दोन्ही बाजूंना कॅरॅव्हॅन होत्या, पडदेवाल्या, कडीवाल्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. हे घडीच्या खुर्चीत बसले, गुडघ्यावर तो मोठा नकाशा पसरला आणि हुकूम सोडू लागले. मी साडीचा पदर खोचून नळ्या जोडत होते, वाकत होते, लाकडी हातोड्याने खुंट्या ठोकत होते. शेजारचे एक लालबुंद चेहऱ्याचे साहेब चहाचा मग हातात धरून बराच वेळ बघत राहिले. शेवटी त्यांना राहवेना.

"मॅडम, मी मदत करू का?" असं मला विचारून त्यांनी ह्यांच्याकडे असं पाहिलं की मीच शरमेने खाली बघितलं.

दुखण्याबद्दल कुणाला सांगायचं नाही अशी ह्यांची सक्त ताकीद होती. त्यामुळे मी म्हटलं, "नको, थँक यू, मला आवडतं." त्यावर त्यांच्या मिसेसनी मान हलवली. त्या साइटवर हिंदुस्थानी नवऱ्यांविषयी जे मत झालं असेल ते आता कायमचं. ह्यांना मात्र मजा वाटत होती. खुर्चीतूनच त्यांनी त्या साहेबांना सांगितलं, "ती माझ्यापेक्षा चांगली करते." ते खरंही होतं.

चहा पिताना मी पाहिलं, ह्यांचा हात नकळत सदऱ्याच्या वरच्या खिशाकडे गेला आणि बाटली चाचपून खाली आला. मला धीर आला. कॅनव्हासच्या भिंतीला पाठ टेकवली तर ती मागे सरकली. दचकून मी सरळ बसले.

शुक्रवार, लीन (वेल्स)

दिवस मावळायच्या आत पोचायला हवं होतं. कॅरॅव्हॅन होती तेव्हा याची काळजी नसे. ती उभी केली की झालं. पण तंबू उभारणं हेही शब्बाथला निषिद्ध कामांत मोडतं, हे ह्यांना बुधवारी रात्री आठवलं होतं. नऊ वर्षांच्या सवयीने आम्ही शुक्रवारी मुक्कामी पोचायचं ठरवलं आणि असं घर विकत घेतलं की जे त्या संध्याकाळनंतर उघडता येत नाही आणि मिटताही येत नाही. आमच्याशिवाय असा घोळ कुणी घातला नसता.

वेल्सचे डोंगर मी वर्णन करून सांगणार होते, पण खरं सांगायचं तर मी ते नीट पाहिलेच नाहीत. चढावर गाडी कण्हू लागली की मी ह्यांच्या कपाळाकडे बघत होते, घाम आलाय का ते. एवढं आठवतं की डोंगर हिरवे कमी आणि काळे जास्त होते, आणि पाट्यांवरच्या गावांची नावं ह्यांनी मला वाचायला सांगितली तेव्हा माझी जीभच वळेना. मग एका वळणावर डोंगर संपले आणि समोर समुद्र आला. हे "वा" म्हणाले. मी शेवटचा टेलिफोन बॉक्स किती मागे राहिला त्याचा हिशोब करत होते. तीन मैल.

शेत मिस्टर आणि मिसेस ओवेन यांचं. त्यांचं दगडी घर टेकडीवर, आणि आम्हाला दिलेलं कुरण खाली, समुद्राच्या कड्याजवळ. मध्ये मेंढ्यांच्या वाटेसारखी चढाची पायवाट आणि अर्ध्यावर दगडी बांध. "तुमच्या घरी फोन आहे का?" हा मी मिसेस ओवेनना विचारलेला पहिला प्रश्न. नमस्कारही नंतर केला. आहे म्हणाल्या. मला त्या तिथेच आवडल्या.

साठीच्या असतील. एप्रनला सतत हात पुसायची सवय. कुठून आलात, कुठल्या चॅपेलचे, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी घाबरतच सांगितलं की आम्ही ज्यू, हिंदुस्थानातले, आणि उद्या आमचा पाळण्याचा दिवस. मी एखादी भुवई वर जाण्याची वाट बघत होते. पण त्यांनी विचारलं, "मग उद्याचे बटाटे आज सोलता का?"

"बटाटे, भात, मासे, सगळं आजच करते."

"मी रविवारचे शनिवारी सोलून पाण्यात ठेवते. इथे रविवारी कुणी धुणंही वाळत घालत नाही. गवत भिजलं तरी चालेल, पण आमचे मिस्टर ओवेन रविवारी ट्रॅक्टरला हात लावणार नाहीत." मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुढच्या खाडीवर नवीन लोक आलेत, ते लावतात."

त्यांनी नुकताच केलेला मनुकांचा पाव दिला. मी डुकराच्या चरबीबद्दल कसं विचारावं याचा विचार करत होते, तोवर त्याच म्हणाल्या, "आत फक्त लोणी आहे. तुमच्या लोकांना दुसरं चालत नाही, मी वाचलंय." बायबल त्यांनी आमच्याहून बारकाईने वाचलेलं होतं.

बंदरावरून आणलेले बांगडे मी हिरव्या वाटणात, ईलिंग रोडवरून नेलेलं खोबरं घालून शिजवले. एकतीसही नळ्या उभ्या केल्या. सूर्य समुद्राकडे झुकू लागला तशी माझी धांदल उडाली. हे अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, हात वर करून उभे राहिले. मी खिसे रिकामे केले. डबा हातात आला आणि मी घुटमळले, कारण इथे फळी नव्हती आणि कापडाला खिळा मारता येत नाही. माझ्या बाजूच्या पलंगाची फळी उचलून, चाकांमधल्या खणात मी डबा सरकवला. वर फळी टाकली, गादी टाकली, चादर नीट खोचली.

दिव्याचं आणखी एक संकट होतं. कापडाच्या घरात उघडी ज्योत. मी ती पत्र्याच्या बादलीत ठेवली आणि तेल संपेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिले. ज्योत हलली की कापडावर आमच्या सावल्या हलत होत्या. हे शांतपणे जेवले, दोनदा भात घेतला. "कॅरॅव्हॅनमध्ये समुद्र एवढा ऐकू येत नव्हता," म्हणाले. मला तो फारच ऐकू येत होता.

शनिवार

सकाळी उजाडलं तेच वाऱ्याने. आधी नुसतं कापड फुगत होतं आणि पडत होतं, छाती वरखाली व्हावी तसं. मी ते बघू शकत नव्हते, म्हणून बाहेर आले. समुद्राच्या बाजूची एक दोरी सैल झाली होती. सवयीने मी खाली वाकले.

"राहू दे," हे म्हणाले. "आज गाठ नाही."

"अहो, पण खुंटी निघेल."

"निघू दे. कापडच आहे."

आम्ही गार बांगडा आणि पाव खाल्ला. ह्यांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं, पण पानं वाऱ्याने आपोआप उलटत होती. दहाच्या सुमारास मिसेस ओवेन डोक्याला रुमाल बांधून खाली आल्या. रेडिओवर वादळाचा इशारा दिला होता. "याची घडी करा आणि आमच्या गोठ्यात आणून ठेवा," त्या म्हणाल्या आणि लगेच थांबल्या. "नाही करता येणार, नाही का?"

"नाही," हे म्हणाले.

"मग माणसांची तरी घडी करून आत चला. चुलीवर किटली आहे."

हे लगेच तयार झाले. मलाच सुचेना. ते कापडाचं खोपटं मला एक क्षणही आवडलं नव्हतं, पण त्यात आमचं अंथरूण होतं, भांडी होती. मी काहीतरी बरोबर घ्यावं म्हणून इकडे तिकडे बघितलं. मग आठवलं की आज काही न्यायचं नसतं. आम्ही दोघं रिकाम्या हाताने निघालो.

चढ फार नव्हता. घरी पायऱ्या चढतो त्याच्या तिप्पट असेल. पण वारा समोरून येत होता आणि थंड होता. मिसेस ओवेन पुढे, मध्ये हे, मागे मी. हे एकदा थांबले, मग चालू लागले. दगडी बांधाजवळ पुन्हा थांबले आणि या वेळी बांधाला हात टेकला. मी पुढे जाऊन चेहरा पाहिला. तो फेब्रुवारीतला चेहरा होता.

"बसा," मी म्हटलं. "खाली बसा. चालायचं नाही."

हे बांधाच्या आडोशाला बसले. उजवा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. गुरुवारी गेला होता तसाच. खिसा सपाट होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बाटली डब्यात होती. डबा पलंगाखाली होता. ह्यांचे खिसे मी रिकामे केले होते, सव्वीस वर्षांच्या सवयीच्या हाताने, किल्ल्या आणि पेन्सिलींबरोबर. घरीही दर शुक्रवारी ती डब्यातच जात होती, पण तेव्हा डबा चार पावलांवर असे आणि फेब्रुवारीपासून शनिवारी हे घराबाहेर पडतच नव्हते. तिथे वेल्समध्ये, त्या बांधाजवळ, मला कळलं की मी काय केलं आहे.

मिसेस ओवेन फोन करायला वर धावल्या. मी खाली धावले. बावन्न वर्षांची बाई साडीत उतारावरून धावते तेव्हा कशी दिसत असेल ते देव जाणे. कुरणाच्या फाटकाशी पोचले आणि माझ्या डोळ्यांदेखत ती सैल खुंटी निघाली. मग तिच्या शेजारची. कापड एकदा आभाळाकडे उठलं आणि सगळा सांगाडा एका कुशीवर, नेमका माझ्या पलंगावर कोसळला.

आतापर्यंत ज्या ज्या गोष्टीला मी भ्यायले होते त्या सगळ्या इथे एकत्र आल्या होत्या, आणि गंमत अशी की मला भ्यायला वेळ नव्हता. ओल्या दोरीची गाठ बोटांनी निघेना, म्हणून मी ती दातांनी सोडली. ह्यांचा आवाज माझ्या कानात होता. एकतीस आधी, मग तीस. मग सतरा, मग सात, सातनंतर चार. एकेक नळी उपसून मी मागे भिरकावत होते. तंबू मोडणं, गाठ सोडणं, कापड फाडणं, शब्बाथला जे जे करायचं नाही ते मी ओळीने करत होते, आणि प्रत्येक वेळी मला ते माहीत होतं. कापडाखाली रांगत जाऊन गादी ओढली, फळी उचलली. डबा तिथेच होता. झाकण घट्ट बसलेलं. उघडत बसले नाही, तसाच छातीशी धरून वर निघाले.

नाणी, किल्ल्या, पेन्सिली, सगळं त्यात खुळखुळत होतं. मला माझा श्वास ऐकू येत नव्हता, नुसता तो डबा ऐकू येत होता. बांधाजवळ मिस्टर ओवेन ह्यांच्यावर स्वतःचा कोट धरून गुडघ्यांवर बसले होते. त्यांच्या हाताच्या एका हिसक्यात झाकण निघालं. मी ह्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली.

मग काहीच करायचं नव्हतं. मिल्काने तेवढंच सांगितलं होतं, बसून राहायचं. मी ह्यांचा हात धरून बसले. हात बर्फासारखा होता. मी मनात शेमाची प्रार्थना म्हणू लागले, तर पुढचे शब्द आठवेनात. लहानपणापासून दिवसातून दोनदा म्हटलेले शब्द. मी पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. ह्यांच्या ओठांचा रंग आधी परत आला, मग हाताची पकड.

"डबा लांबूनच ऐकू आला," हे म्हणाले.

रविवार

मिसेस ओवेनच्या फोनवरून आलेल्या डॉक्टरांनी त्याच दुपारी ह्यांना हॉस्पिटलात हलवलं आणि चार दिवस ठेवून घेतलं. झटका नव्हता, इशारा होता, असं ते म्हणाले. गोळी आणखी उशिरा मिळाली असती तर, असं वाक्य त्यांनी सुरू केलं आणि माझ्याकडे बघून सोडून दिलं. मी ते रोज मनात पूर्ण करते.

मी ओवेन यांच्याकडे राहिले, जाड भिंतींच्या खोलीत. दाराला आतून कडी होती. मी लावली, पण डोळा लागला नाही.

रविवारी सकाळी दोघं काळे कपडे घालून चॅपेलला गेले. परत आले तेव्हा वारा पडला होता. मी खिडकीतून पाहत होते. दोघं घरात न येता तसेच, चॅपेलच्या कपड्यांत, खाली कुरणात उतरले. मिस्टर ओवेन, जे गवत भिजलं तरी रविवारी ट्रॅक्टरला हात लावत नाहीत, ते गवतातून आमच्या नळ्या वेचत होते. मिसेस ओवेन कापडाची घडी करत होत्या. मी धावत खाली गेले.

"आज नका हो करू," मी म्हटलं. "उद्या करू. आज तुमचा दिवस आहे."

त्यांनी मान वरही केली नाही. "काल तुमचा होता," म्हणाल्या. "ते टोक धरा."

मी ते टोक धरलं. सात नंबरची नळी वाकली होती. ह्यांचा नकाशा कुंपणाच्या तारेला अडकलेला सापडला, ओला, पण वाचता येण्यासारखा. तो मिसेस ओवेननी चुलीजवळ वाळत घातला.

वेम्बली, पुन्हा

डॅनियल मँचेस्टरहून आला आणि गाडी चालवत आम्हाला घरी घेऊन आला. येताना मी टेलिफोन बॉक्स मोजले नाहीत. ह्यांच्या खिशावर माझी नजर होती आणि खिशात बाटली होती.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत होते, "माझाच गाढवपणा. खिसा रिकामा करताना बाटलीही काढली असणार." मी चहा ओतत होते आणि गप्प बसत होते. मिल्का लीड्सहून आली, तिने ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "बाबा, तू इतका स्टुपिड कसा?" ह्यांनी ऐकून घेतलं. मी तेव्हाही गप्प बसले. सव्वीस वर्षं ह्यांनी स्वतः कधी खिसा रिकामा केला नाही, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि हे विसरले की विसरल्यासारखं करत होते ते मला विचारायचं धैर्य नव्हतं. भित्री बाई ती हीच.

या पत्रकाच्या प्रती ज्या स्टेन्सिलवरून निघतात ती हे स्वतःच्या हाताने लिहितात, कारण ह्यांच्यासारखं अक्षर आपल्या मंडळींत कुणाचं नाही. त्यामुळे इथे काही लिहायचं म्हणजे आधी ह्यांना वाचायला द्यायचं. मला हे प्रवासवर्णन लिहायला तीन महिने का लागले, ते आता कळलं असेल.

वर जे लिहिलं आहे ते मी परवा, गुरुवारी, ह्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि बागेत पानं गोळा करायला गेले. बरीच पानं गोळा केली. आत आले तेव्हा हे शेवटच्या कागदावर होते. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कोसळलेला सांगाडा काढताना एकतीस, तीस, मग थेट सतरा नाही. मध्ये बावीस येते. ती आधी काढल्याशिवाय सतरा निघणारच नाही."

"मी काढली," मी म्हटलं. "कशी ते मला माहीत नाही."

ह्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ती चूक तशीच ठेवली आहे.

आज शनिवार, चांदण्या दिसल्यावर हे शेवटचं लिहायला बसले आहे. काल शुक्रवार होता. दिवस मावळायच्या आधी मी डबा घेतला. हे नेहमीसारखे हात वर करून उभे राहिले. किल्ल्या काढल्या, नाणी काढली, पेन्सिलीचे दोन तुकडे काढले. मग माझा हात सदऱ्याच्या वरच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. शब्बाथला पेन्सिलीचं टोकदेखील अंगावर राहू न देणारा माणूस हा.

ह्यांनी वर धरलेला एक हात खाली आणला आणि खिशावर ठेवला.

"ही राहील," म्हणाले.

मी खिशाचं बटण लावलं, डब्याचं झाकण बंद केलं आणि मग दिवा लावला.